इंग्रजी वाक्यात नाम काय काय कामं करतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाम म्हणजे काय, हे बहुतेकांना पाठ असतं. गाडी अडते ती पुढे: वाक्यात चार नामं दिसली की कोणतं नाम कशासाठी आलंय, हे सांगता येत नाही. हे प्रश्न त्या अडचणीतून आलेले आहेत. इंग्रजी उदाहरणं देवनागरीतच दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, लगेच ओळखीची वाटतील.

नामाची 'भूमिका' म्हणजे नेमकं काय?

'द डॉग बिट द कॅट' आणि 'द कॅट बिट द डॉग' ही दोन वाक्यं घ्या. शब्द तेच, रूपं तीच, पण चावणारा आणि चावा सोसणारा यांची अदलाबदल झाली. आता मराठीत पाहा: 'कुत्रा मांजराला चावला' म्हणा किंवा 'मांजराला कुत्रा चावला' म्हणा, जखम मांजरालाच. 'ला' हा प्रत्यय मांजराला चिकटलेला आहे, तो शब्द वाक्यात कुठेही गेला तरी सोबत जातो.

इंग्रजी नामाला असा प्रत्यय नसतो. 'कॅट' क्रियापदाच्या आधी आलं तर एक काम, नंतर आलं तर दुसरं, 'विथ'च्या मागून आलं तर तिसरं. वाक्यातल्या या कामालाच भूमिका म्हणायचं. ती नामाच्या अंगावर लिहिलेली नसते, जागेवरून आणि क्रियापदावरून ठरते. म्हणून 'कॅट हे नाम सब्जेक्ट आहे की ऑब्जेक्ट?' हा प्रश्न वाक्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

अशा भूमिका एकूण किती?

पुस्तकागणिक आकडा बदलतो, त्यामुळे आकडा पाठ करू नका. मुख्य पाच: सब्जेक्ट, डायरेक्ट ऑब्जेक्ट, इनडायरेक्ट ऑब्जेक्ट, पूरक आणि प्रिपोझिशनचं ऑब्जेक्ट. पूरकाचे पुन्हा दोन प्रकार, एक सब्जेक्टचं आणि एक ऑब्जेक्टचं. त्याशिवाय नाम दुसऱ्या नामाचं विशेषण होतं, मालकी दाखवतं, क्रियाविशेषणासारखं वेळ किंवा अंतर सांगतं, शेजारच्या नामाची ओळख करून देतं आणि कुणाला हाक मारायलाही वापरलं जातं. सगळ्यांचा समाचार खाली आहे.

सब्जेक्ट म्हणजे कर्ताच ना?

बऱ्याचदा हो, नेहमी नाही. गोंधळाचं मूळ इथेच आहे, म्हणून थोडं थांबून पाहू.

'द गार्ड ओपन्ड द डोअर', 'द की ओपन्ड द डोअर', 'द डोअर ओपन्ड', 'द डोअर वॉज ओपन्ड बाय द गार्ड'. चार वाक्यं, चारही ठिकाणी दार उघडलं. पहिल्यात सब्जेक्ट आहे पहारेकरी, म्हणजे खरोखर करणारा. दुसऱ्यात किल्ली, ती तर नुसतं साधन. तिसऱ्यात आणि चौथ्यात सब्जेक्टच्या जागी दार बसलंय, ज्याने काहीच केलेलं नाही. म्हणजे 'क्रिया करतो तो सब्जेक्ट' ही व्याख्या चारपैकी एकाच वाक्याला नीट बसते.

अर्थाने कोण काय करतं आणि वाक्यात कोणाची जागा कोणती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. पाणिनीने कारक, म्हणजे नामाचं क्रियेशी असलेलं नातं, आणि विभक्ती, म्हणजे नामाला लागणारे प्रत्यय, वेगवेगळ्या ठेवल्या. त्याच्या 'स्वतन्त्रः कर्ता' या सूत्रातला कर्ता क्रियेशी असलेल्या नात्याने ठरतो, विभक्तीने नाही, म्हणून कर्मणी रचनेत तृतीया लागली तरी तो कर्ताच राहतो. आधुनिक भाषाशास्त्रात चार्ल्स फिलमोर यांनी १९६८ साली इंग्रजीबद्दल याच वळणाची मांडणी केली, तीही किल्ली आणि दाराच्याच उदाहरणांनी. इंग्रजी व्याकरणातला सब्जेक्ट मात्र जागेचा मानकरी आहे. कर्तृत्व असो वा नसो.

मग सब्जेक्ट ओळखायचा कसा?

त्याच्या वागण्यावरून. तीन कसोट्या पुरतात.

पहिली, वचन बदलून पाहा. 'द बॉय लाइक्स डॉग्ज' मध्ये 'बॉय'चं 'बॉइज' केलं तर 'लाइक्स'चं 'लाइक' होतं. 'डॉग्ज'चं 'अ डॉग' केलं तर क्रियापद ढिम्म हलत नाही. ज्याच्यामुळे क्रियापद हललं तो सब्जेक्ट.

दुसरी, हो-नाही उत्तराचा प्रश्न करा. 'द ट्रेन इज लेट'चं 'इज द ट्रेन लेट?' होतं. सहायक क्रियापद उडी मारून ज्याच्या आधी गेलं तो सब्जेक्ट.

तिसरी, शेवटी शेपूट-प्रश्न जोडा: 'द ट्रेन इज लेट, इझन्ट इट?' शेपटातलं सर्वनाम ज्याच्याबद्दल आहे तो सब्जेक्ट. नवख्यांना ही तिसरी कसोटी सगळ्यात लवकर जमते असं माझं मत आहे. कानाला सवय असते, नियम आठवावा लागत नाही.

मराठीत क्रियापद कर्माप्रमाणेही बदलतं. इंग्रजीत तसं होतं का?

कधीच नाही. 'मुलाने निबंध लिहिला', 'मुलाने चिठ्ठी लिहिली', 'मुलाने पत्र लिहिलं'. मराठीत क्रियापद इथे कर्माच्या लिंगामागे धावतंय, म्हणून आपण याला कर्मणी प्रयोग म्हणतो. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी 'द बॉय रोट', बस्स.

यातून एक ठरलेली चूक होते. 'कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस' असं समीकरण डोक्यात बसतं आणि 'मुलाने चिठ्ठी लिहिली'चं भाषांतर 'द लेटर वॉज रिटन बाय द बॉय' असं केलं जातं. व्याकरण चुकलं नाही, पण भर विनाकारण चिठ्ठीवर गेला. मराठी वाक्यात भर मुलावर होता, तर इंग्रजीत सरळ 'द बॉय रोट द लेटर' म्हणावं. पॅसिव्हशी खरी जुळणी 'चिठ्ठी लिहिली गेली' या रचनेची आहे.

'मला हे पुस्तक आवडतं'. यात सब्जेक्ट 'मला' की 'पुस्तक'?

मराठीत क्रियापद पुस्तकाच्या बाजूने आहे. पुस्तक आवडतं, पुस्तकं आवडतात. ज्याला आवडतं तो 'ला' लावून बाजूला उभा. इंग्रजीत 'आय लाइक धिस बुक' म्हणताना पाट्या उलटतात: अनुभव घेणारा सब्जेक्ट, पुस्तक ऑब्जेक्ट. 'मला भाऊ आहे', 'मला भीती वाटते', 'मला उत्तर माहीत आहे' या सगळ्यांचं इंग्रजी करताना हीच उलटापालट होते: 'आय हॅव अ ब्रदर', 'आय अ‍ॅम अफ्रेड', 'आय नो दि आन्सर'.

गंमत अशी की इंग्रजीही एकेकाळी आपल्यासारखीच वागत होती. 'लाइक' या क्रियापदाचा जुन्या इंग्रजीतला पूर्वज 'रुचणं, पसंत पडणं' या अर्थाचा होता. रुचलेली वस्तू सब्जेक्ट असायची आणि ज्याला रुचली तो चतुर्थीत, अगदी 'मला आवडतं'सारखा. पुढे नामांचे प्रत्यय झडले, क्रियापदाआधी येईल तो सब्जेक्ट असा शिरस्ता पडला आणि आधी बसणारा माणूसच सब्जेक्ट ठरला. या जुन्या घडणीचा एक अवशेष 'मीथिंक्स' या शब्दात उरलाय. जुन्या नाटकांत तो भेटतो, आणि अर्थ 'मला वाटतं'. त्यातलं 'मी' म्हणजे 'मला'.

क्रियापदाला 'काय?' विचारलं की ऑब्जेक्ट मिळतो, असं शिकवतात. ते बरोबर आहे का?

अर्धवट बरोबर आहे आणि म्हणूनच घातक आहे. 'शी मेट अ डॉक्टर', कोणाला भेटली? डॉक्टरला. 'शी बिकेम अ डॉक्टर', काय झाली? डॉक्टर. दोन्हीकडे उत्तर मिळालं, पण भूमिका वेगळ्या. पहिल्या वाक्यात माणसं दोन आहेत: ती आणि डॉक्टर. दुसऱ्यात माणूस एकच. तीच डॉक्टर आहे. पहिला ऑब्जेक्ट, दुसरं पूरक.

मनात त्या दोन शब्दांमध्ये बरोबरचं चिन्ह घालून बघा. 'शी' बरोबर 'डॉक्टर' हे पटलं तर पूरक, नाही पटलं तर ऑब्जेक्ट. याला जोड म्हणून पॅसिव्ह करून पाहा. 'अ डॉक्टर वॉज मेट बाय हर' कानाला जड असेल, पण वाक्य म्हणून उभं राहतं. 'अ डॉक्टर वॉज बिकम बाय हर' उभंच राहत नाही.

पॅसिव्हची कसोटीही सर्वत्र चालत नाही. 'आय हॅव अ कार' मध्ये 'कार' ऑब्जेक्टच आहे, तरी त्याचं पॅसिव्ह कुणी करत नाही. 'हॅव', 'लॅक', 'रिझेम्बल' ही अशीच अडेलतट्टू क्रियापदं आहेत. तिथे बरोबरच्या चिन्हावर विसंबा, पण 'रिझेम्बल'शी जपून. दिसायला सारखी असली तरी माणसं दोनच.

पूरक कोणकोणत्या क्रियापदांनंतर येतं?

सब्जेक्टचं पूरक 'बी', 'बिकम', 'रिमेन', 'सीम' आणि त्यांच्या गोतावळ्यानंतर: 'दे रिमेन्ड फ्रेंड्ज'. ऑब्जेक्टचं पूरक 'इलेक्ट', 'अपॉइंट', 'कॉल', 'नेम', 'मेक', 'कन्सिडर' यांच्यानंतर: 'दे इलेक्टेड हर प्रेसिडेंट'. इथे 'हर' आणि 'प्रेसिडेंट' एकच व्यक्ती, म्हणून 'प्रेसिडेंट' हे ऑब्जेक्टचं पूरक. वाक्य पॅसिव्ह केलं की 'शी वॉज इलेक्टेड प्रेसिडेंट' होतं आणि तेच पूरक आता सब्जेक्टचं बनतं. एकाच माणसाला मिळणाऱ्या पदाच्या नावाआधी 'अ' किंवा 'द' बहुधा लावत नाहीत, हेही इथेच लक्षात ठेवा.

'शी मेड हिम अ केक' आणि 'शी मेड हिम अ लीडर' यांची रचना सारखीच आहे ना?

वरवर सारखी, आतून नाही. या एका क्रियापदाजवळ थोडं रेंगाळलं तर निम्मं प्रकरण समजतं.

'शी मेड हिम अ केक': तिने त्याच्यासाठी केक केला. तो आणि केक वेगळे. 'केक' डायरेक्ट ऑब्जेक्ट, 'हिम' इनडायरेक्ट ऑब्जेक्ट. फोड करायची तर 'शी मेड अ केक फॉर हिम'.

'शी मेड हिम अ लीडर': तिने त्याला नेता बनवलं. तो आणि नेता एकच. 'हिम' डायरेक्ट ऑब्जेक्ट, 'लीडर' ऑब्जेक्टचं पूरक. इथे 'शी मेड अ लीडर फॉर हिम' केलं तर अर्थच बदलतो.

आता तिसरं: 'शी मेड हिम अ गुड वाइफ'. तिने त्याला चांगली बायको बनवलं? नाही. ती त्याच्यासाठी चांगली बायको ठरली. 'वाइफ' आणि 'शी' एकच, म्हणजे 'वाइफ' सब्जेक्टचं पूरक आणि 'हिम' म्हणजे 'त्याच्या दृष्टीने'. शब्दांचा क्रम तिन्हीकडे तोच: सब्जेक्ट, क्रियापद, सर्वनाम, नाम. फरक पडला तो कोण कोणाच्या बरोबरीचं यावरून. 'कॉल मी अ टॅक्सी' म्हणणाऱ्याला 'ठीक आहे, तू टॅक्सी' असं उत्तर देणारा जुना विनोद याच दुहेरीपणावर बेतलेला आहे.

एका क्रियापदाला दोन ऑब्जेक्ट केव्हा चालतात?

देणं, सांगणं, पाठवणं, दाखवणं या अर्थाच्या क्रियापदांना. 'आय गेव्ह द बॉय अ बुक' मध्ये आधी ज्याला मिळालं तो, मग जे मिळालं ते. क्रम उलटला तर 'टू' लागतो: 'आय गेव्ह अ बुक टू द बॉय'. या दुसऱ्या वाक्यात 'बॉय'ला जुनी शालेय पुस्तकं इनडायरेक्ट ऑब्जेक्टच म्हणत आली आहेत, आजच्या व्याकरणांतली बरीचशी त्याला 'टू'चं ऑब्जेक्ट मानतात. परीक्षेला बसणाऱ्याने आपल्या पाठ्यपुस्तकाचं ऐकावं. बाकीच्यांनी दुसरी बाजू धरावी, ती जास्त सरळ आहे.

चुका होतात त्या वेगळ्याच जागी. 'सजेस्ट मी अ बुक', 'एक्सप्लेन मी द प्रॉब्लेम', 'डिस्क्राइब मी द प्लेस' ही तिन्ही प्रमाण इंग्रजीत चूक. मराठीत 'मला पुस्तक सुचव' आणि 'मला पुस्तक दे' एकाच साच्याची वाक्यं असल्याने आपण 'गिव्ह'चा साचा 'सजेस्ट'ला लावतो. पाहिजे 'सजेस्ट अ बुक टू मी' किंवा नुसतं 'सजेस्ट अ बुक', आणि 'एक्सप्लेन द प्रॉब्लेम टू मी'. ढोबळ ठोकताळा असा की 'गिव्ह', 'टेल', 'सेंड', 'शो' यांसारखी जुन्या इंग्रजीपासून चालत आलेली छोटी क्रियापदं दोन ऑब्जेक्ट घेतात आणि 'एक्सप्लेन', 'डिस्क्राइब', 'डोनेट' अशी लॅटिन वंशाची घेत नाहीत. 'ऑफर' आणि 'प्रॉमिस' हे लॅटिनकडून आलेले असूनही दोन ऑब्जेक्ट घेतात, तेव्हा ठोकताळ्याला ठोकताळाच समजा.

प्रिपोझिशननंतरचं नाम कोणत्या भूमिकेत?

प्रिपोझिशनचं ऑब्जेक्ट. 'ऑन द टेबल', 'विथ अ नाइफ', 'ऑफ बुक्स'. मराठी शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येतं, इंग्रजी प्रिपोझिशन पुढून, एवढाच दृष्टीला पडणारा फरक. धोका दुसऱ्याच गोष्टीत आहे: प्रिपोझिशनच्या ताब्यात गेलेलं नाम त्या वाक्याचं सब्जेक्ट होऊ शकत नाही. 'द बॉक्स ऑफ बुक्स इज हेवी' मध्ये क्रियापदाच्या अगदी लगत 'बुक्स' आहे, म्हणून हात 'आर' लिहायला जातो. पण जड आहे ते खोकं. 'ऑफ बुक्स' कंसात टाका आणि मग वाक्य वाचा. एक अपवाद कायमचा ध्यानात ठेवा: 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर', पण 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज'.

एक नाम दुसऱ्या नामाआधी आलं तर ते विशेषण झालं का?

काम विशेषणाचं, जात नामाचीच. 'स्टोन वॉल' मधला 'स्टोन' भिंतीबद्दल माहिती देतो, पण 'व्हेरी स्टोन वॉल' म्हणता येत नाही, 'स्टोनर'ही होत नाही. खरं विशेषण असतं तर चाललं असतं.

अशा जोडीत मालक शेवटचा शब्द. 'हॉर्स रेस' ही शर्यत, 'रेस हॉर्स' हा घोडा. तीन-चार नामं एकापुढे एक आली तर उजवीकडून डावीकडे उलगडत जा. आणखी एक: जोडीतलं पहिलं नाम सहसा एकवचनी राहतं. जोड्यांच्या दुकानात कितीही जोडे असोत, ते 'शू शॉप', आणि पाच मैलांची चाल 'फाइव्ह माइल वॉक'. 'स्पोर्ट्स कार', 'सेव्हिंग्ज अकाउंट', 'आर्म्स रेस' हे अपवाद रुळलेले आहेत. 'वुमन डॉक्टर'चं अनेकवचन करताना तर दोन्ही शब्द बदलतात: 'विमेन डॉक्टर्स'.

अ‍ॅपॉस्ट्रॉफी आणि एस म्हणजे आपली षष्ठीच ना?

जवळपास, पण पूर्ण नाही. आपला 'चा-ची-चे' थेट नामाला लागतो. इंग्रजीतला हा 'एस' नामाला नव्हे, अख्ख्या नामसमूहाच्या शेपटीला लागतो. 'द मॅन नेक्स्ट डोअर्स कार' मध्ये 'एस' लागलाय 'डोअर'ला, गाडी मात्र शेजाऱ्याची.

शिवाय हे नाम दर वेळी मालकच असतं असंही नाही. 'द डॉक्टर्स एक्झॅमिनेशन ऑफ द पेशंट' मध्ये डॉक्टर तपासतोय. 'द पेशंट्स एक्झॅमिनेशन बाय द डॉक्टर' मध्ये पेशंट तपासला जातोय. 'एस' दोन्हीकडे तोच, पण पहिल्यात नाम आतल्या क्रियेचा सब्जेक्ट आहे आणि दुसऱ्यात ऑब्जेक्ट.

'ही केम लास्ट वीक' मध्ये 'वीक' ऑब्जेक्ट आहे का?

नाही. तो आठवड्याला काही करून आलेला नाही, कधी आला ते सांगतोय. ही क्रियाविशेषणाच्या कामाला लागलेली नामं: 'लास्ट वीक', 'दिस मॉर्निंग', 'फाइव्ह माइल्स', 'ॲन अवर', 'होम'. त्यांच्याआधी प्रिपोझिशन नसतो, म्हणून ती ऑब्जेक्टसारखी दिसतात. 'दे वेटेड ॲन अवर'चं 'ॲन अवर वॉज वेटेड' होत नाही, यावरून ओळखा. वजन आणि किंमत सांगणारी नामंही याच पंगतीतली. 'द बॉक्स वेज टेन किलोज' मध्ये दहा किलो ऑब्जेक्ट नाही, पण 'द क्लार्क वेड द बॉक्स' मध्ये खोकं ऑब्जेक्ट आहे. क्रियापद तेच, अर्थ दोन.

अपोझिशन म्हणजे काय?

एका नामाशेजारी त्याच माणसाची किंवा वस्तूची ओळख सांगणारं दुसरं नाम. 'माय नेबर, अ रिटायर्ड पायलट, टीचेस मॅथ्स.' पहिल्या नामाची जी भूमिका, तीच या दुसऱ्याची. स्वल्पविरामाने अर्थ बदलतो: 'माय ब्रदर, रवी,' असं लिहिलं तर भाऊ एकच, त्याचं नाव जाता जाता सांगितलं. स्वल्पविराम नसला तर अनेक भावांपैकी रवी नावाचा, असा सूर निघतो.

हाक मारताना वापरलेलं नाम कुठे बसतं?

कुठेच नाही. आपल्या संबोधनासारखं ते वाक्याच्या रचनेबाहेर असतं आणि स्वल्पविरामाने तोडलेलं असतं. 'कॉल मी, डॉक्टर' म्हणजे 'डॉक्टर, मला फोन करा'. स्वल्पविराम काढा: 'कॉल मी डॉक्टर' म्हणजे 'मला डॉक्टर म्हणा'. तेच नाम संबोधनातून उठून ऑब्जेक्टचं पूरक झालं.

'देअर इज अ बुक ऑन द टेबल' यात सब्जेक्ट कोणता?

इथे व्याकरणकारांतही दोन तट आहेत. क्रियापदाला विचारलं तर ते 'बुक'कडे बोट दाखवतं: 'देअर इज अ बुक', 'देअर आर टू बुक्स'. शेपूट-प्रश्नाला विचारलं तर तो 'देअर'कडे: 'इझन्ट देअर?' म्हणून जागेचा सब्जेक्ट 'देअर' आणि अर्थाचा 'बुक' असं म्हणून पुढे जाणं सोयीचं. लिहिताना क्रियापद मागून येणाऱ्या नामाप्रमाणे ठेवा. बोलण्यात 'देअर्ज टू बुक्स' सर्रास ऐकू येतं, पण औपचारिक लेखनात टाळा.

'इट इज रेनिंग' मधला 'इट' याच जातीचा, नुसता जागा अडवून बसलेला. 'जातो' म्हटलं की कोण जातो ते मराठीत क्रियापदच सांगून टाकतं. इंग्रजी क्रियापदाकडे ती सोय जवळजवळ नाही, म्हणून तिथे सब्जेक्टची खुर्ची रिकामी ठेवत नाहीत. आज्ञार्थात तेवढी ती रिकामी दिसते, पण तिथे 'यू' गृहीत धरलेला असतो.

नाम नसलेले शब्दही या भूमिका करतात का?

करतात. 'स्विमिंग इज फन' मध्ये 'स्विमिंग' सब्जेक्ट, 'आय एन्जॉय रीडिंग' मध्ये 'रीडिंग' ऑब्जेक्ट, 'व्हॉट ही सेड वॉज ट्रू' मध्ये तर अख्खं उपवाक्य सब्जेक्ट. उलट, नामासारखा दिसणारा शब्द क्रियापदही निघतो. 'दि ओल्ड मॅन द बोट' हे वाक्य वाचून बघा. पहिल्या वाचनात ते मोडकं वाटतं. 'मॅन' इथे क्रियापद आहे: वृद्ध लोक होडी चालवतात. सब्जेक्ट 'दि ओल्ड'.

इंग्रजी नामांना पूर्वीपासूनच विभक्ती नव्हत्या का?

होत्या. जुन्या इंग्रजीत दगडाला 'स्टान' म्हणत. दगडाचा म्हणजे 'स्टानेस', चतुर्थीत 'स्टाने', अनेकवचनात 'स्टानास', 'स्टाना', 'स्टानुम'. नामाआधीचा 'द'सुद्धा बदलायचा: पुल्लिंगी एकवचनी कर्त्याआधी 'से', कर्माआधी 'थोने'. साधारण ११०० ते १५०० या मधल्या काळात ही रूपं घासून गेली, उरले अनेकवचनाचा आणि मालकीचा असे दोन 'एस'.

सर्वनामांनी मात्र जुनं सोडलं नाही: 'आय' आणि 'मी', 'ही' आणि 'हिम', 'दे' आणि 'देम'. त्यांचाच उपयोग करून घ्या. एखाद्या नामाची भूमिका कळेना तर त्याजागी सर्वनाम घाला. 'ही' बसलं तर सब्जेक्ट, 'हिम' बसलं तर कुठलं तरी ऑब्जेक्ट. पूरकाच्या जागी ही युक्ती फसते, कारण पुस्तकी नियम 'इट इज आय' सांगतो आणि लोक 'इट्स मी' बोलतात.

लांबलचक वाक्य समोर आलं तर सुरुवात कुठून करायची?

क्रियापदापासून. पहिल्या शब्दापासून निघालात तर अडकलातच. हे वाक्य घ्या: 'लास्ट वीक द स्कूल कमिटी अपॉइंटेड हर ब्रदर, अ रिटायर्ड इंजिनिअर, चेअरमन ऑफ द लायब्ररी बोर्ड.' यात आठ नामं आहेत.

क्रियापद 'अपॉइंटेड'. नेमणूक म्हटली की नेमणारा हवा, नेमलेला हवा आणि पद हवं, असं हे क्रियापद स्वतःच सांगतं. नेमणारी 'कमिटी', ती सब्जेक्ट. तिच्याआधीचं 'स्कूल' विशेषणाच्या कामाला. नेमलेला 'ब्रदर', तो डायरेक्ट ऑब्जेक्ट. स्वल्पविरामांत अडकलेला 'इंजिनिअर' म्हणजे तोच भाऊ, अपोझिशन. पद 'चेअरमन', तोही भाऊच, म्हणून ऑब्जेक्टचं पूरक. 'ऑफ'च्या ताब्यात 'बोर्ड', म्हणजे प्रिपोझिशनचं ऑब्जेक्ट, आणि 'लायब्ररी' पुन्हा विशेषणाच्या जागी. उरला 'वीक'. तो वाक्यात सर्वात पहिला आहे आणि सब्जेक्ट नाही. तो फक्त केव्हा ते सांगतो.

कागदावर करायचं असेल तर अमेरिकेतल्या अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांची १८७७ सालची आकृती अजून कामाची आहे. एक आडवी रेघ ओढा. सब्जेक्ट आणि क्रियापद यांच्यामध्ये उभी रेघ, आडव्या रेघेला आरपार छेदणारी. ऑब्जेक्टच्या आधी उभी रेघ, पण आडव्या रेघेवरच थांबणारी. पूरकाच्या आधी तिरकी रेघ, ज्याचं ते पूरक आहे त्याच्याकडे झुकलेली. अपोझिशनचं नाम आपल्या नामाशेजारी, त्याच रेघेवर, कंसात. बाकीची नामं खाली, आपापल्या आधाराला लटकवलेली. वरच्या वाक्यात मुख्य रेघेवर 'कमिटी', 'ब्रदर' आणि 'चेअरमन' ही तीनच नामं राहतात, शिवाय 'ब्रदर'शेजारी कंसात 'इंजिनिअर'.